सरदार घराण्यातील अज्ञात स्त्री

चार शब्द. चकचकीत पितळी पट्टीवर कोरलेले, वर इंग्रजीत आणि खाली मराठीत: 'सरदार घराण्यातील अज्ञात स्त्री'.

पट्टीच्या वर माझी पणजी होती.

मी पाचगणीला शैलाच्या मुलीच्या साखरपुड्याला गेले होते. शैला आणि मी तासगावकडच्या एका सरकारी दवाखान्यात वीस वर्षं बरोबर नर्स म्हणून काम करतोय. साखरपुडा ज्या बंगल्यात होता तो साहेबांच्या काळातला, आता त्याचं हॉटेल झालंय. बाहेर हिरवळीवर फोटो काढणं चाललं होतं. मला कुणीतरी पेढा भरवला, हात चिकट झाले, म्हणून मी मागच्या बोळातून नळ शोधत निघाले. बोळात लाकडाला लावलेल्या पॉलिशचा वास होता आणि दोन्ही भिंतींवर जुन्या तसबिरी. घोडे, मडमा, मारलेले वाघ. शेवटच्या दाराशी ती.

काळी लंबगोल चौकट, फुगीर काच आणि काचेच्या आतल्या बाजूनं काळ्या रंगात रंगवलेली एका बाईची नुसती सावली, एका बाजूनं दिसणारी. कपाळ, सरळ खाली येऊन टोकाला किंचित उचललेलं नाक, जाड ओठ, मानेवर अंबाडा. डोळा नाही, रंग नाही. फक्त नाकातली नथ, कानाची कड आणि पदराचा काठ सोनेरी रंगाच्या केसाएवढ्या रेघांनी काढलेला. तिच्या मानेजवळ काचेत एक बुडबुडा होता, तांदळाच्या कणीएवढा. मी चिकट बोट लावून पाहिलं. होता.

मला आनंद झाला असं लिहायला बरं वाटलं असतं. तो झाला नाही. कानामागं नुसतं गरम झालं. कारण ही तसबीर सांगलीच्या महापुरात वाहून गेली होती. म्हणजे मला तसं सांगितलं होतं. माझ्या सख्ख्या भावानं सांगितलं होतं.

आणि अज्ञात? कुणाला अज्ञात? मी हिच्या तोंडात बघून केस विंचरलेत.

हे अक्षरशः खरं आहे. कुंडलला आमच्या घरात धड आरसा नव्हता. एक होता तो फुटका, आप्पांच्या दाढीचा, खिडकीच्या गजाला अडकवलेला. त्यात गालाचा एक तुकडा दिसायचा आणि तेवढाच आप्पांना पुरायचा. पण पणजीची काच फुगीर आणि मागून काळी, त्यामुळं तिच्यात अख्खं तोंड दिसायचं, थोडं पसरट, थोडं लांब. शाळेला जायच्या आधी मी चुलीजवळच्या पाटावर चढून तिच्यासमोर वेण्या घालायची. तिच्या काळ्या गालात माझा गाल, तिच्या नथीवर माझं नाक. खोबरेल तेलाचा वास, चुलीवर भाजणाऱ्या भाकरीचा वास, आणि मागून आईचा आवाज, "आगं, काचंला त्याल लागंल! आप्पा वरडत्यात मग."

आप्पा, म्हणजे माझे वडील, पोस्टमन होते. खाकी कपडे, खाकी थैली, सायकल. थैलीला लाखेचा, डिंकाचा आणि ओल्या कागदाचा असा एक वास होता, जो मला अजून कधी कधी दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये येतो आणि मी उगीच थांबते. आमचं घर गावाच्या कडेला, चार पत्र्यांचं. धर्मांतरानंतर आजोबांनी घरातले जुने देव कृष्णेत सोडले होते, त्यामुळं भिंतीवर दोनच तसबिरी होत्या. बुद्धाची आणि पणजीची. बुद्ध पौर्णिमेला सकाळी आप्पा दोन्ही उतरवायचे. बुद्धाला ओल्या फडक्यानं पुसायचे. पणजीला मात्र पाणी नाही. "पानी आत गेलं तर धुऊन जाईल ती," म्हणायचे. काचेवर तोंडानं 'हाऽ' करून वाफ सोडायची आणि मऊ धोतराच्या फडक्यानं पुसायची. तो 'हाऽ' कुणी करायचा यावरून माझी आणि दादाची दरवर्षी मारामारी. दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, त्यामुळं तो जिंकायचा. तो 'हाऽ' करायचा, ती पांढरी होऊन नाहीशी व्हायची, आणि आप्पांचा हात फिरला की आधी नाक परत यायचं.

पावसाळ्यात तिला भिंतीवर राहता यायचं नाही. भिंती मातीच्या, ओल धरायच्या. मिरगाच्या आधी आई तिला गोधडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवायची, डांबर गोळ्यांच्या शेजारी. चार महिने भिंतीवर एक लंबगोल पांढरट डाग असायचा आणि मला वेण्या अंदाजानं घालाव्या लागायच्या. दसऱ्याला ती बाहेर यायची तेव्हा तिच्या चौकटीला गोळ्यांचा वास असायचा, तो दिवाळीपर्यंत टिकायचा. मग थंडी, मग तासगावकडं द्राक्षं. आई बेदाण्याच्या शेडवर रोजानं जायची. संध्याकाळी एसटीतून उतरली की तिच्या लुगड्याला गंधकाच्या धुराचा वास, बोटं साखरेनं चिकटलेली. ती पहिल्यांदा हात धुवायची आणि मग पणजीसमोर उभी राहून, तिच्यात बघून, डोक्यावरचा पदर सोडून केसांतल्या काड्या काढायची. त्या वेळी ती आमच्याशी बोलायची नाही. आम्हीही बोलायचो नाही.

पणजीची गोष्ट आम्हाला आजीनं सांगितली. आजी म्हणजे आप्पांची आई, पणजीची एकुलती लेक. ती मी लहान असतानाच गेली, पण गोष्ट इतक्यांदा ऐकलीय की तिचा आवाज मला आठवतो की मी तो बनवलाय, ते आता सांगता येणार नाही. पणजी पाचगणीला एका साहेबाकडं आया होती. मडमेची दोन पोरं तिनं वाढवली. मडमेला चित्रांचा नाद. तिनं आधी साहेबाची सावली काढली, मग पोरांची, मग कुत्र्याची. आणि एका संध्याकाळी पणजीला म्हणाली, तू बस.

"खुर्चीवर?" आम्ही दरवेळी विचारायचो.

"व्हय तर. खुर्चीवर. उभ्या जल्मात तिला कुनी बस म्हनलं न्हवतं. तिला वाटलं, कायतरी चुकलं. बसली जीव मुठीत धरून. शेजारी दिवा, भितीला कागुद. मडम म्हनली हलू नगं. हलतीय कशाला? सावली पडली, मडमेनं ती गिरीवली, आन् मग काचंवर रंगीवली."

"आणि नथ?"

"नथ कुटली तिच्याजवळ! नथ मडमेनं हौसंनं काढली."

साहेबाचं बिऱ्हाड विलायतेला परत निघालं तेव्हा मडमेनं ही तसबीर पणजीला दिली. पणजी लुगड्यात गुंडाळून, डोक्यावर घेऊन, पसरणीचा घाट चालत उतरली. वाईत कुणीतरी विचारलं, डोक्यावर काय हाय? तिनं सांगितलं, माझी सावली. तो माणूस दोन पावलं मागं सरला. आजी इथं हसायची. आप्पा हसायचे नाहीत. आप्पा सांगायचे, "पोरांनो, त्या काळात आपली सावली पडली तर माणसं आंघोळ करत होती. आणि ती सावली हिनं डोक्यावर घेऊन घाट उतरला." मग आजीच्या लग्नात दुसरं काही द्यायला नव्हतं म्हणून ती तसबीर कुंडलला आली. आजीकडून आप्पांकडं. हा आहे तिचा मालकीचा इतिहास, आणि तो मला पाढ्यांसारखा पाठ आहे.

पणजीचं नाव भागीरथी. आप्पांनी चौकटीच्या मागं पोस्टाचा तपकिरी कागद चिकटवून त्यावर बोरूनं लिहिलं होतं. भागीरथी. ते अक्षर बघायला मी तसबीर उलटी करायची.

आप्पा गेले तेव्हा मी तासगावला नोकरीत होते, लग्न झालेलं. तेराव्याची पद्धत आमच्यात नाही, पण माणसं जमली होती, आणि जमलेल्या माणसांत वाटण्या होतातच. मी एकच गोष्ट मागितली. चुलते म्हणाले, "आगं, तू परक्या घरची. वडलार्जित चीज ल्योकाकडंच जानार." दादा तोवर सांगलीत बँकेत अधिकारी झाला होता, कृष्णेच्या बाजूच्या एका कॉलनीत त्यानं बंगला बांधला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. तो म्हणाला, "नीट सांभाळीन." आणि त्यानं ती गाडीच्या डिकीत ठेवली, साध्या वर्तमानपत्रात गुंडाळून. मला गोधडी आणायला पळायचं होतं. मी पळाले नाही. चार माणसांत कसं दिसेल, म्हणून.

नंतर त्याच्या घरी मी दरवेळी विचारायची, कुठं लावलीस? तो म्हणायचा, माळ्यावर आहे, रंगकाम झालं की लावू.

मग तो पूर आला. पाणी ओसरल्यावर आमच्या दवाखान्यातून पथकं सांगलीला पाठवली, त्यात मी होते. गल्लीच्या दोन्ही बाजूंना गाद्या, कपाटं, भिजून फुगलेली पुस्तकं, मेलेल्या कोंबड्या, सगळ्यावर चिखलाचा एकच रंग. तो वास ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको. दादाच्या खालच्या मजल्यात छातीएवढं पाणी येऊन गेलं होतं. तो अंगणात उघड्या पायांनी उभा होता. मी त्याला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, आणि मग विचारलं.

"गेली गं," तो म्हणाला. "खालच्या खोलीत आणून ठेवली होती. गेली."

मी त्याच्या खांद्याला हात लावून रडले. मी त्याचं सांत्वन केलं. पुढचे पाच दिवस ज्या ज्या गल्लीत आमचं पथक गेलं, तिथल्या प्रत्येक ढिगात मी हातमोजे घालून हात घातला. लंबगोल काही लागलं की ओढून काढायची. एकदा परात निघाली, एकदा शौचालयाच्या भांड्याचं झाकण. शैला माझ्याबरोबर होती. ती म्हणाली, "बास कर आता." मी केलं नाही.

तर हे सगळं त्या बोळात माझ्या डोक्यात एका वेळी होतं. बाहेर शैलाच्या मुलीच्या नावानं टाळ्या पडत होत्या.

मॅनेजर तिशीतला, वाईचा मुलगा. वागायला अतिशय सभ्य. मी म्हणाले, ही माझी पणजी आहे. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. त्यानं मला ऑफिसात बसवलं, पाणी दिलं, एक फाईल काढली. मालकांनी ती तसबीर पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडून घेतली होती. व्यापाऱ्यानं सोबत कागद दिला होता, त्यात तिचा इतिहास. 'सातारा भागातील एका सरदार घराण्याकडे वंशपरंपरेने. घराण्याच्या इच्छेनुसार नाव गुप्त.' आणि मागं जोडलेली मूळ मालकाची हस्ताक्षरातली चिठ्ठी. खाली सही नव्हती. सहीची गरज नव्हती. 'श' च्या पोटात जास्तीचा वळसा घेणारं ते अक्षर मी पहिलीपासून ओळखते, त्याच अक्षरात लिहिलेले निबंध चोरून मी बक्षिसं मिळवलीत.

चिठ्ठीवर तारीख होती. पुराच्या दोन वर्षं आधीची.

मी तारीख परत वाचली. मग मॅनेजरला म्हणाले, तसबीर उलटी करून दाखवा. त्यानं ती अलगद उतरवली. मागं कोरं प्लायवूड होतं, नवे खिळे. आप्पांचा तपकिरी कागद नव्हता.

मी मोबाईलमध्ये घरातल्या जुन्या फोटोचा फोटो होता तो काढला. मी नर्सिंगच्या कोर्सला निघाले तेव्हाचा. आप्पा खाकीत, आई, मी, आणि आमच्या मागं भिंतीवर ती, काचेत फ्लॅशचा पांढरा ठिपका पडलेला. मॅनेजरनं फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. मग तो म्हणाला, "मॅडम, तसबीर तुमच्या घरात होती हे दिसतंय. पण ती कोण आहे, हे बदलायचं तर ज्यांनी विकली त्यांनी लिहून द्यायला हवं. तुम्ही त्यांच्याकडून दोन ओळी आणा. पट्टी बदलायला मी मालकांना सांगतो."

मी परत मागितली नाही. तो विचार मला सुचला नाही असं नाही. पण त्या क्षणी मला तसबीर नको होती. ती पट्टी निघायला हवी होती.

पुढच्या रविवारी मी सांगलीला गेले. दादा आता सत्तरीकडं आलाय. दिवाणखान्यात सोफा, मोठा टीव्ही, नातवाच्या ट्रॉफी. तो शुद्ध बोलतो. पस्तीस वर्षं बोलतोय, आता त्याला प्रयत्न करावा लागत नाही. मी चप्पल काढतानाच म्हणाले, "पणजी पाचगणीला आहे. भेटून आले."

वहिनींनी माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं आणि आत गेल्या. चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला.

"मी चिखलात हात घातले," मी म्हणाले. "पाच दिवस. आणि तू मला सांगत होतास पुरात गेली."

"मला तुला दुखवायचं नव्हतं."

"दुखवायचं नव्हतं म्हणून पुरात घातलीस? तिला सरदारीण केलीस आणि वर पुरात घातलीस?"

"हळू बोल. शेजारी ऐकतात."

"ऐकू देत. त्यांना पण कळू दे, तुझी पणजी आया होती."

तो उठला आणि त्यानं खिडकी बंद केली. खरोखर बंद केली. कडी लावली. मी बघत राहिले.

मग तो बोलला. पहिल्यांदाच बोलला. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यानं तीन मित्रांना कुंडलला घरी आणलं होतं. मला तो दिवस आठवतो, आईनं गुळाच्या पोळ्या केल्या होत्या. एकानं भिंतीवर बघून विचारलं, ही कोण? दादा कौतुकानं म्हणाला, आमची पणजी. मडमेनं काढलेली तिची सावली. आणि तो मित्र पोळी खाता खाता म्हणाला, "वा रे पठ्ठ्या! तुमच्यात सावलीला पण फ्रेम करतात होय?" बाकीचे दोघं हसले. आई हसली, कारण तिला वाटलं पाहुणे खुशीत आहेत.

"आई हसली," दादा म्हणाला. "मीसुद्धा हसलो. त्यानंतर मला ती भिंतीवर चालेना. माळ्यावरसुद्धा चालेना. घरात आहे एवढं आठवलं तरी..." तो थांबला. "तो व्यापारी आला तेव्हा त्यानं नथ बघितली आणि स्वतःच म्हणाला, सरदार घराण्यातली दिसते. मी फक्त हो म्हणालो."

"चिठ्ठी तू लिहिलीस."

"लिहिली."

"त्या मित्राच्या थोबाडीत मारायची होतीस, दादा. हिला का घराबाहेर काढलंस?"

मला त्याची कीव यायला हवी होती. वीस वर्षांचा पोरगा, तोंडात गुळाची पोळी, आणि हसावं लागलेलं. आता लिहिताना येते थोडी. तिथं आली नाही. मी पर्समधून कागद काढला. घरूनच लिहून नेला होता. 'सदर तसबीर आमची पणजी भागीरथी हिची असून ती पाचगणी येथे आया म्हणून काम करीत असे.' मी म्हणाले, "सही कर."

त्यानं चष्मा लावून वाचलं. बँकेतला माणूस, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून वाचलं. एका जागी भुवया वर गेल्या, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, 'आया'वर अडलाय. आणि तो म्हणालाच, "हे 'आया' काढ. 'वास्तव्यास होती' असं लिही. मग करतो सही."

"ती वास्तव्यास नव्हती. दुसऱ्याच्या पोरांचं गू-मूत काढत होती."

"अगं, पुढच्या महिन्यात नातीला बघायला येणार आहेत. असलं काही छापून आलं..."

वहिनी चहा घेऊन आल्या. मी कागद घडी केला आणि उठले. "चहा तरी घ्या," त्या म्हणाल्या. मी घेतला नाही. त्यांचा काय दोष होता, पण घेतला नाही. दारापर्यंत दादा आला नाही. फाटकाबाहेर आल्यावर मी वळून बघितलं तर ती खिडकी अजून बंद होती.

मी पाचगणीला गेले ते एकटीच, तो फोटो, माझं ओळखपत्र आणि माझ्याच सहीचा कागद घेऊन. दुसरं काही मिळणार नाही, म्हणाले, लावायचं तर यावर लावा. मॅनेजरनं मालकांना मुंबईला फोन लावला. मालक फोनवर फार खूष झाले. "ओ, धिस इज अ लव्हली स्टोरी," असं मला स्पीकरवर ऐकू आलं. गेस्टना असल्या गोष्टी आवडतात, सरदारापेक्षा हे कितीतरी वेगळं आहे, फोटोसुद्धा शेजारी लावू, असं बरंच काही. म्हणजे मी जे दात-ओठ खाऊन आणलं होतं, ते त्यांच्या नाश्त्याच्या टेबलावर जामसारखं चालणार होतं. मी 'थँक्यू' म्हणाले. घाट उतरताना एसटीत मला त्या थँक्यूचासुद्धा राग येत राहिला.

आठवड्यानं मॅनेजरनं मोबाईलवर नव्या पट्टीचा फोटो पाठवला. 'भागीरथी. आया, पाचगणी.' खाली आमच्या कुटुंबाचं नाव आणि कुंडल. मी तो फोटो काही न लिहिता दादाला पाठवून दिला. चांगुलपणानं नाही. टोचावा म्हणून पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दवाखान्यात, बाहेर रांग लागलेली असताना त्याचा फोन आला. मी एका म्हातारीच्या दंडाला स्पिरिटचा बोळा लावत होते. फोन कानाशी धरला.

"लावलीस का पट्टी?"

"लावली. आया लिहिलंय. काय करायचं ते कर."

त्याच्या मागं टीव्ही नव्हता, भांडी नव्हती, काही नव्हतं. मग तो म्हणाला, "आया ऱ्हाऊ दे. पर ती भागीरथी कोन?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्याच्या तोंडून असं बोलणं मी किती वर्षांत ऐकलं नव्हतं.

"आजीच्या आईचं नाव धोंडी," तो म्हणाला. "तिच्या आदीची चार प्वारं गेली, म्हनून ही जगावी तर दगडाचं नाव ठेवलं, धोंडी. मी आजीच्या कुशीत झोपायचो, तू न्हवतीस तवा. ती झोपंत हाका मारायची, ये धोंडाई म्हनून. आप्पांना ते नाव आवडायचं न्हाई. मानसं हसत्यात म्हनायचे. शाळेत मला पनजीवर निबंद लिवायचा हुता, तवा आप्पांनी सांगितलं, भागीरथी लिव. मग त्येंनी मागं पन तेच चिकटीवलं. त्या दिवशी तुज्या कागदावर वाचलं, तवाच सांगनार हुतो."

"मग का नाही सांगितलंस?"

"तू लय रागात हुतीस. आन् मी कुटल्या तोंडानं सांगू?"

मी फोन ठेवला. राग माझ्या हातात तसाच होता, आणि आता तो कुणावर ठेवायचा ते कळत नव्हतं. आप्पांवर मी आयुष्यात कधी रागावले नव्हते. बोरूनं लिहिलेलं ते सुंदर अक्षर. मी सगळ्या जगाला खोटं पाडत घाट चढले आणि त्या भिंतीवर आप्पांचं खोटं पितळेत कोरून आले. आणि खरं नाव एकाच माणसाला माहीत होतं, ज्यानं तिला विकलं त्याला.

म्हातारी दंड उघडा ठेवून वाट बघत होती. मी तिला म्हणाले, "थांबा जरा, आजी." मी मॅनेजरला फोन लावला.

"मॅडम, पट्टी आवडली का?"

"काढा ती."

"काढू? परवाच बसवलीय. आता काय चुकलं?"

"नाव चुकलंय. लिहून घ्या. धोंडी."

"धों... काय मॅडम? रेंज नाही नीट."

"धोंडी," मी म्हणाले. "ध ला काना-मात्रा, वर अनुस्वार. ड ला दीर्घ वेलांटी. धोंडी." तरी त्याला ऐकू येईना. मग मी इंजेक्शनच्या खोलीत उभी राहून, दार उघडं, रांगेतली पंधरा-वीस माणसं बघताहेत, घसा ताणून ओरडले, "धोंडी! आया! पाचगणी!"

पलीकडून तो म्हणाला, "आलं, आलं मॅडम. लिहिलं."

मी सुई उचलली. म्हातारी माझ्या तोंडाकडं बघत होती.

"माज्या थोरल्या भनीचं नाव बी धोंडीच हुतं," ती म्हणाली. "आता कोन ठेवतंय ही नावं. तुमची कोन, शिष्टर?"

"माझी पणजी," मी म्हणाले. "दंड सैल सोडा."